लोणचं न घेणाऱ्या बाई

मी नागपुरात घरची लोणची व्हॉट्सॲपवर विकते. रोज सकाळी जाहिरात पाठवली, की कोराडीच्या एका बाईंचा अंगठा लगेच यायचा, पण ऑर्डर कधीच नाही. बरण्या पडून होत्या. असा फुकटचा नंबर काढून टाकायचं मी ठरवलं होतं. तेवढ्यात तापाने पडले आणि जाहिरात थांबली. विचारपूस एकट्या त्यांनीच केली.

"काहून वं, तब्येत बरी हाय ना?"

मी सरळ विचारलं, "तुम्ही लोणचं का घेत नाही?"

"लोणचं त मी घरीच घालते. तुयं वाचाले मजा येते. फक्त ते 'त्वरा करा' नको लिहू वं, अंगावर आल्यासारखं वाटते."

आता रोजची जाहिरात मी त्यांच्याशी बोलल्यासारखी लिहिते. बाकीच्या बायका बरण्या मागवतात. कोराडीच्या बाईंचा मात्र अजून अंगठाच येतो.