खिशातला जलसा

“काचा खाली! सगळ्यांनी काचा खाली करा! आणि एसी बंद करा रे, गाणं ऐकायचंय की गाडी वाळवायचीय?”

हर्नडनच्या पार्कातल्या पार्किंग लॉटच्या मधोमध उभी राहून माझी बायको ओरडत होती. एरवी ही बाई फोनवर इतकं हळू बोलते, की समोरच्याला वाटतं लाइन कट झाली. त्या दिवशी मात्र तिचा आवाज पोटोमॅक नदी ओलांडून वॉशिंग्टनात पोचला आणि तिथेही दोन-चार लोकांनी गुमान काचा खाली केल्या असणार.

मी आमच्या गाडीत बसलो होतो. हातात काडेपेटीएवढी एक वस्तू. शेजारच्या सीटवर बाबा, तोंड फिरवून.

ती वस्तू म्हणजे माझा एमपीथ्री प्लेअर. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सेलला मी पहाटे टीव्हीसाठी लाइन लावली होती. टीव्ही माझ्या डोळ्यांदेखत उडाले. पण गारठून रिकाम्या हाती कसं जायचं? म्हणून काउंटरजवळच्या टोपलीतून, च्युइंगमच्या शेजारून, हा उचलला. कंपनीचं नाव असं, की ते खुद्द कंपनीच्या मालकालाही वाचता येत नसावं. ऑफिसात पांढऱ्या वायरीवाले महागडे प्लेअर मिरवणाऱ्या पोरांनी तो बघून विचारलं, “हा कशावर फ्री मिळाला?” पण एका बारीक सेलवर तो इतके दिवस चाले, की मला वाटे, हा सेल खात नाही, नुसता वास घेऊन जगतो. त्यात फार तर तीस गाणी मावत. मी होती नव्हती ती सगळी पुसली आणि फक्त बाबांची भरली.

बाबा नागपूरकडचे जलशाचे गायक. भीमजयंतीच्या स्टेजवर त्यांना माइक म्हणजे अडगळ वाटायची. कामठीत तान घेतली की भंडाऱ्यात कुत्री भुंकायची. एकदा तर रुळांशेजारी कार्यक्रम चालू असताना मालगाडी थांबली. गार्ड खाली उतरला, अख्खं गाणं ऐकलं, कोरसमध्येही गायला आणि मगच त्यानं हिरवा झेंडा दाखवला. हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण पाहिलंय.

मग बाबांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती कुजबुज. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची एकही कॅसेट ऐकली नव्हती. घरात कुणी लावली, तर उठून बाहेर जायचे.

मी त्या कॅसेटी इकडे आणल्या, टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला, आणि एकेक गाणं त्या काडेपेटीत उतरवलं. बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा मोठ्या ऐटीत त्यांच्या कानात इअरफोन घातले. बटण दाबायच्या आत त्यांनी ते काढून माझ्या हातात ठेवले.

“काहून बे? कानात बूच मारून एकट्यानं ऐकायचं, थे गाणं आहे का औषध? चार लोकांत वाजव. चार लोक मागून कोरस धरतील, तर ऐकीन. नाही तर राहू दे.”

म्हणून मी जयंतीची वाट पाहत होतो. एप्रिलमध्ये आपली सगळी मंडळी या पार्कात जमतात. निळे झेंडे, मेणबत्त्या, घरटी एक डबा. यंदा फ्रीजएवढा स्पीकर भाड्यानं आणला होता. पुढच्या आठवड्यात बाबांचं परतीचं विमान होतं, तेव्हा ऐकलं तर आज, नाही तर कधीच नाही. त्यांनी सकाळी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला होता. दोनदा.

आणि शेडमधला विजेचा पॉइंट मेलेला निघाला.

तिथे जमलेले इंजिनिअर म्हणजे, ते एक दिवस रजेवर गेले तर अर्ध्या अमेरिकेच्या बँका बंद पडतील असे. पण प्लगपुढे सगळे गार. “रिस्टार्ट करून बघा,” एकजण म्हणाला.

“काय रिस्टार्ट करू यार? पार्क?”

बाबांनी हे सगळं शांतपणे पाहिलं, गळ्यातला निळा पंचा काढून घडी घातली आणि गाडीत जाऊन बसले. “चल घरी,” ते कुजबुजले. मी किल्ली फिरवली.

तेवढ्यात बायको खिडकीशी आली. “अरे, त्या दिवशी सिग्नलला शेजारच्या गाडीत आपलं गाणं घुसलं होतं ना?”

घुसलं होतं खरं. गाडीच्या लायटरच्या भोकात मी एक स्वस्तातलं यंत्र खुपसलेलं असे. ते प्लेअरमधलं गाणं आमच्या गाडीच्या रेडिओवर सोडायचं, आणि अगदी जवळ कुणी त्याच आकड्यावर रेडिओ लावला असेल, तर त्याच्याही.

मी मान डोलावली, आणि ती ओरडत सुटली. “गाड्या इकडे आणा! जवळ! आणखी जवळ! अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक लावा!”

गव्हाणीवर बैल लागावेत तशा आमच्या गाडीभोवती गाड्या तोंड लावून उभ्या राहिल्या. चाळीस तरी असतील. बायको म्हणते अकरा, पण तिला कुठे वेळ होता मोजायला? मी बटण दाबलं. सगळ्या गाड्यांमधून त्याच आकड्यावरच्या कुठल्याशा खऱ्या स्टेशनचे एक पाद्रीबुवा एकदम पापाविषयी बोलू लागले.

“काका असे गायचे?” कुणीतरी विचारलं.

मी वायर जरा हलवली. पाद्रीबुवा खरखरत बुडाले. आणि ढोलकी सुरू झाली.

आजवर मी पुष्कळ थापा मारल्या, पण इथून पुढे मला एकही सुचत नाही. चहूकडून, प्रत्येक दारातून, एकाच क्षणी बाबांचा आवाज उठला. तरुण, भरदार, छाती फोडून येणारा. हातातली काडेपेटी साधी गरमही झाली नव्हती. पडद्यावर गाण्याचं नाव मुंगीसारखं सरपटत होतं, आणि बाहेर बायाबापड्या, पोरं, हातात भाताच्या प्लेटी धरलेली माणसं, सगळी जागच्या जागी थबकली होती. ध्रुपद आलं तशी एकानं ओळ धरली, मग सगळ्यांनीच.

पलीकडे बेसबॉल बघायला आलेला एक अवाढव्य गोरा माणूस त्याच्या ट्रकमधून उतरून आला. “व्हॉट स्टेशन इज दॅट?”

“लोकल,” बायको म्हणाली, आणि आकडा सांगितला.

त्यानं ट्रक आणून गाड्यांच्या घोळक्यात घुसवला. त्याचे स्पीकर लागले तशी ढोलकी जमिनीतून पायात चढली.

शेजारचं दार उघडल्याचा आवाज झाला. बाबा खाली उतरले होते. पंचा पुन्हा गळ्यात. एक हात वर, स्टेजवर असायचा तसा, आणि दुसऱ्यानं ते बॉनेटवर ठेका धरत होते. ओठ हलत होते. बोट उचललं की सगळे थांबत, बोट खाली आलं की सगळे उसळत. शेवटच्या ओळीला त्यांनी मूठ मिटली आणि पार्किंग लॉट गप्प झाला.

बायकोनं डोळे पुसले. “बाबा, कसं वाटलं?”

बाबांनी थोडा विचार केला.

“ढोलकी घाई करून राहिली.”