पोचेबाईंची गाडी

गल्लीत तिला पोचेबाई म्हणत. नाव ठेवलं समोरच्या इस्त्रीवालीने, आणि ते असं चिकटलं की टपालवालाही त्याच नावाने हाक मारायला लागला. कामच तसं होतं. दिवसभर मागच्या खोलीत संगणकापुढे बसायचं आणि कुठल्या कोण लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे. पत्र्याला पोचा दिसला की त्याभोवती हिरवी चौकट, चरा दिसला की पिवळी, काच फुटली असेल तर तांबडी. असे ढीगभर फोटो बघून म्हणे यंत्र शिकणार होतं, आणि मग विमा कंपनीला गाडी बघायला माणूस पाठवावा लागणार नव्हता. म्हणजे आपल्याच हाताने दुसऱ्याच्या पोटावर पाय, आणि यंत्र शिकून शहाणं झालं की आपल्याही हातात नारळ. तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण भांडणार कोणाशी? काम देणाऱ्याचं तोंड कधी दिसलंच नाही. मालक नाही, मुकादम नाही, घेराव घालायला दार नाही. चौकट जरा सरकली की फोटो नापास आणि मजुरी गडप. तक्रार केली तर उत्तर यायचं, ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ मत मोलाचं आणि मजुरी मातीमोल!

तरी दातओठ खात तिने ते काम रेटलं, ते एका गाडीसाठी.

मिरवायला नव्हे. नवऱ्याच्या किडन्या गेल्या होत्या. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आता त्यालाच आठवड्यातून तीनदा डायलिसिसला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला न्यावं लागे. परतताना त्याचा चोथा झालेला असे. रिक्षात मान टाकायचा, ओकायचा. एक रिक्षावाला सीट धुवायचे पैसे वाजवून घेऊन गेला, बाकीचे लांबूनच ओळखून हात हलवायचे आणि पुढे सटकायचे. तिकडे दवाखान्यात यंत्रावर पाळ्या लागलेल्या. उशीर झाला की तेवढा वेळ कापला, आणि वेळ कापला की तेवढं विष अंगात राहिलं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “पाळ्या अशाच बुडत राहिल्या तर माझ्याकडे येऊन रडू नका.”

गाडी चालवायला तिला त्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतर, मालकाच्या गाडीत, मालकाच्या नकळत. परवाना होता. गाडी तेवढी नव्हती.

पैसे जमले, दलालाकडे एक बरी गाडी आल्याचं कळलं, तेव्हा नवरा कॉटवर उठून बसला. “मलाही ने. गाडी कानाने घ्यायची असते. सुरू केली की ती काय बोलते ते ऐकायचं.”

“कालच यंत्रावरून उठलायत. उभं राहवत नाही, आणि निघाले गाडी बघायला.”

“तू नुसती बाहेरून बघशील.”

“अहो, मी दिवसभर दुसरं काय करते? मी जेवढ्या गाड्या पाहिल्यात तेवढ्या तुम्ही सात जन्मांत पाहिल्या नसतील.”

“फोटो पाहिलेस.”

“फोटोत लबाडी पकडते, ती समोर नाही पकडणार?”

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जाऊ दे रे तिला. डोळे तिने फोडले, तर गाडीही तीच बघेल.”

दलालाचं मैदान म्हणजे गाड्यांच्या वधूवर मेळाव्याचा मांडव. सगळ्या नटूनथटून उभ्या, आणि खोड कोणी सांगायची नाही. पोचेबाईंनी पदर खोचला. गाडीच्या अंगावरून ऊन कसं घसरतं ते वाकून पाहिलं. डावा दरवाजा पुन्हा रंगवलेला, तिने बोट ठेवलं. मागच्या बंपरला पोचा बुजवायला लांबी भरलेली, तिने टिचकी मारून दाखवली. दलालाने कपाळावर हात मारला. “ताई, तुम्ही कुठल्या कारखान्यात होता हो? आज बोहनीलाच माझं दिवाळं काढलंत!” आणि त्याने भाव खाली आणला. ती आणखी एक चरा दाखवायची, तो आणखी एक पायरी उतरायचा. आपण याला नमवतोय या आनंदात ती इतकी चढली, की हा गडी हसत हसत नमतोय कसा, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आत बसल्यावर अत्तराचा वास नाकात भसकन शिरला. सीटची कव्हरं कोरी. गाडी आधीच सुरू करून, तापवून ठेवलेली. क्षणभर तिला कसंसंच झालं. पण तिच्या कामात गाडीचं पोट कधी आलंच नव्हतं. पोटासाठी चौकटीचा रंग नव्हता. ‘गाडी स्वतः तपासून, आहे त्या स्थितीत घेतली’ या ओळीखाली तिने झोकात सही ठोकली.

दारात गाडी आली तशी अर्धी गल्ली जमली. इस्त्रीवाली म्हणाली, “पोचेबाई, एक तरी पोचा ठेवायचा होता, नाहीतर घरी काम काय करणार?” सासूबाई कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या आणि राजमाता उतरावी तशा उतरल्या. नवऱ्याला तिने हात धरून पुढे बसवलं. त्याने सीटचा पट्टा ओढला, अगदी शेवटपर्यंत, आणि सोडून दिला. पायाखालच्या गालिच्यात बोटं खुपसली, नाकाशी नेली.

“कशी आहे?”

“रंग छान आहे,” तो म्हणाला.

थोडे दिवस गाडी गुणाने चालली. मग एका सकाळी, दवाखान्याकडे जाताना, मोठ्या चौकाच्या मधोमध गाडीच्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि सगळेच विझले. इंजिन मेलं. काचा खाली होईनात. मागून हॉर्नचा कलकलाट, आत भट्टी, आणि नवऱ्याच्या ओठांवर कोरड. माणसांनी ढकलत गाडी कडेला नेली. जवळच्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, तसा वाळलेला गाळ त्याच्या मांडीवर सांडला.

“ताई, ही पुराच्या पाण्यात बुडून आलीये. आतल्या सगळ्या तारा सडल्यात. आज चालवून देईन, उद्याची हमी नाही.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दचकला नव्हता.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ होती. ओढला तेव्हाच दिसली.”

“मग तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“सही झाली होती. मी बोलून गाडी थोडीच वाळणार होती? तूच वाळली असतीस.”

त्या दिवशी त्याला अर्धीच पाळी मिळाली. पाय सुजले ते उतरेनात. आडवं झालं की दम लागे, म्हणून भिंतीला टेकून तो बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागला.

ती दलालाकडे गेली तेव्हा त्याने आधी खुर्ची दिली, मग तोच कागद पुढे केला. “ताई, मी अडाणी माणूस. भिंग लावून तपासलीत ती तुम्हीच ना?” मग आवाज उतरवून म्हणाला, “अहो, आली तशी घालवा. फोटोत काय दाखवायचं आणि काय नाही, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?” तिने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. घरी आली, गाडी उन्हाच्या बाजूला वळवून उभी केली आणि फोटो काढून विकायच्या जाहिरातीत टाकले.

गिऱ्हाईक लगेच आलं. एक शिंपी, गळ्यात अजून टेप लोंबतोय. बायकोचे दिवस भरत आले होते आणि सरकारी दवाखाना लांब. त्याने गाडीला एक फेरी मारली, दरवाजा उघडला, मिटला. त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं हे तिला त्याच्या हातावरूनच कळलं.

“ताई, ऐकलंय पाण्यातल्या गाड्या विकतात म्हणे. तसली नाही ना?”

“छे!” ती म्हणाली. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

“पाण्यातलीच आहे,” घराच्या खिडकीतून नवऱ्याचा आवाज आला.

ती हसली. “आजारी आहेत. काहीही बरळतात.”

“दादा, पट्टा ओढून बघा,” नवरा आतून म्हणाला. “शेवटपर्यंत ओढा.”

शिंप्याने ओढला. रेघेवर अंगठा फिरवला. मग टेप गळ्याभोवती नीट करत म्हणाला, “बाळंतीण बसणार होती यात, ताई,” आणि निघून गेला.

ती घरात आली ती वादळासारखी. “मोठे हरिश्चंद्र लागून गेलात! माझ्या वेळी तोंडाला कुलूप, आणि त्या शिंप्यापुढे बरं उघडलं!”

“तुला सांगून उपयोग नव्हता. त्याची सही व्हायची होती.”

“आणि उद्या? उद्या पाळी आहे. कशातून नेऊ तुम्हाला?”

सासूबाई उठून उगाच ओट्यावरची भांडी इकडची तिकडे करू लागल्या.

“चालत चला मग,” ती म्हणाली. “सुचलं ना खरं बोलायला? चालायलाही सुचेल.”

सकाळी तिने गाडीची किल्ली फिरवली. गाडी नुसती टिकटिकली आणि गप्प झाली. ती मागे वळली तर तो उंबऱ्यावर येऊन बसला होता. चपलेत पाय मावत नव्हते म्हणून फडकी गुंडाळलेली, मांडीवर दवाखान्याची फाईल.

“चल,” तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, आणि तेच तिला सोसेना.

खांद्याचा आधार देत तिने त्याला नेलं. दर दोन-चार घरांना तो थांबायचा, भिंत धरायचा. इस्त्रीवालीने स्टूल पुढे केलं. तो बसला, उठला, पुन्हा निघाले. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत पाळीची वेळ सुरू होऊन गेली होती. लांबून एक रिकामी रिक्षा येताना दिसली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, फडक्यांतून पाणी झिरपत होतं.

“जरा मागे व्हा,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला पाहिलं तर तो थांबायचा नाही.”

तो विजेच्या डब्याचा आधार घेत मागे सरकला, भिंतीच्या आडोशाला गेला आणि पाय आत ओढून घेतले. तिने चेहऱ्यावर हसू आणलं आणि हात वर केला.