हात काढला का?

तळवड्याच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे तात्या कुठलंही बटण विचारल्याशिवाय दाबत नसत. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, बटणावर बोट ठेवून ते मोठ्यानं विचारत, "हात काढला का?" नुसतं "काढला" म्हणून भागत नसे. समोरच्यानं दोन्ही तळवे वर करून दाखवायचे, मगच बटण. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "अर्धा जन्म गेला माझा हात वर करण्यात. कुणाला वाटावं, घरात दरोडा पडलाय." सोसायटीतले टवाळ लोक त्यांना माघारी 'हातकाढे' म्हणत. हसणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला सांगू?

तात्या मूळचे राजगुरुनगरच्या बाजूचे. चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या गाड्यांचे वैद्य झाले. माझी जुनी गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. मग तात्या त्यांचा चार्जर घेऊन यायचे. लोखंडी डबा, वर अँपिअरचा काटा, दोन चिमटे. चिमटे आधी बॅटरीला लावायचे, बटण सगळ्यात शेवटी. हा क्रम त्यांनी मला पाढ्यासारखा घोकायला लावला होता.

कधीकधी चार्जरच आजारी पडे. काटा ढिम्म हलत नसे. मी लगेच नवा घ्यायची भाषा करी. "फेकायला अक्कल लागत न्हाई," तात्या म्हणत. "आजार मोठा दिसतो पोरी, कारण बारकं असतंय. आधी सोपं बघ." सोपं म्हणजे, सॉकेटला दिवा लावून वीज येते का ते पाहायचं. मग फ्यूज. मग चिमट्यांवर चढलेला पांढरा खार घासून काढायचा. शेवटी वायर बोटाबोटानं वाकवत चाचपायची. हे सगळं प्लग काढून, आणि अजिबात घाई न करता.

घाई मला होती. एका सकाळी कंपनीत मीटिंग आणि गाडी बंद. तात्यांनी चार्जर उघडला. आतली एक वायर स्क्रूतून सारखी निसटत होती. तात्या पक्कड आणायला घरात गेले तेवढ्यात मी ती बोटानं दाबून धरली आणि ते परत येताना मीच ओरडले, "झालं तात्या, लावा!" सॉकेट गाडीच्या पलीकडे खांबावर होतं. प्लग लावून त्यांनी विचारलं, "हात काढला का?"

"काढला!" म्हणत मी एकच हात बॉनेटच्या वर केला. दुसरा डब्यात होता.

बटण दाबलं गेलं नाही. तात्या गाडीला वळसा घालून आले आणि माझा हात बघून जागीच बसले, पार्किंगच्या फरशीवर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता रागावतील. ते हळूच म्हणाले, "सदा पण असाच पलीकडं व्हता."

सदा त्यांचा कंपनीतला जोडीदार. तो पॅनेलच्या मागे काम करत होता. तात्यांनी विचारलं, "हात काढला का?" मागून "काढला" असं उत्तर आलं आणि त्यांनी स्विच टाकला. उत्तर शेजारच्या मशीनवरच्या माणसानं दिलं होतं, त्याच्या जोडीदाराला. सदाचे हात अजून आतच होते.

"मला कुणी बोल लावला न्हाई," तात्या म्हणाले. "त्येच वाईट झालं बघ. आवाज वळखायला पायजे व्हता मी."

त्या दिवशी मीटिंग गेली. त्यानंतर मी त्यांना कधी हसले नाही.

पुढे तात्या आजारी पडले. मी दवाखान्यात शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते, कुणाला ओळखत नव्हते. नर्सनं उशाशी असलेल्या मशीनच्या बटणाकडे हात नेला, तसे तात्यांनी चादरीवरून दोन्ही हात उचलले. तळवे पुढे करून. नर्सला वाटलं, घाबरलेत. तिनं ते प्रेमानं खाली ठेवले. मी बाहेर येऊन रडले.

चार्जर काकूंनी मला दिला. परवा रविवारी गाडीची बॅटरी पुन्हा उतरली आणि काटा हलेना. मी तात्यांच्या क्रमानं गेले. सॉकेट ठीक, फ्यूज ठीक, चिमटे घासले. वायर वाकवत गेले तर लाल चिमट्याच्या मानेशी ती आतून तुटलेली निघाली. कारण बारकंच होतं. तुटका तुकडा कापून वायर नव्यानं जोडली, चिमटे बॅटरीला लावले आणि खांबापाशी गेले. पार्किंगमध्ये मी एकटीच होते.

"हात काढला का?" मी मोठ्यानं विचारलं.

बोट बटणावर होतं, पण दाबवेना. मी गाडीला वळसा घालून पलीकडे बघून आले. तिथे कुणी नव्हतं. परत खांबापाशी आले, आणि पुन्हा एकदा बघायला गेले.