विटेला विचारून बसवलेली चौकट

"बाई, अब्बा गेले..." शबानाचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यातल्या घरी मेथी निवडत बसले होते. तिचे अब्बा म्हणजे दौलताबादचे रशीदभाई, सुतारकाम करणारे. वय झालं होतं, हात थरथरायला लागले होते. बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. तरी त्या दिवशी मेथी तशीच राहिली. आता दीड महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल, आणि ती मी सांगणार आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दौलताबादच्या अलीकडे एका शाळेत मुख्याध्यापिका होते. दोन नव्या खोल्या बांधून झाल्या होत्या, जूनमधल्या उद्घाटनाचे पाहुणे ठरले होते. दारांच्या सागवानी चौकटी रशीदभाईंनी करून आणल्या. प्रश्न उरला तो एवढाच, की चौकट विटांच्या भिंतीला धरून ठेवायची कशानं. ठेकेदारानं पेटीभर लोखंडी फास्टनर आणले होते. भोक पाडायचं, बोल्ट ठोकायचा, पिळला की आत फुगून घट्ट बसतो. दुपारपर्यंत काम खलास. रशीदभाईंनी दाराच्या कडेच्या विटांवर हातोडी हळूच वाजवली, कान दिला, आणि हातातला बोल्ट परत पेटीत टाकला.

"बाई, ही वीट कमी भाजलेली हाय. हा बोल्ट आत फुगतो, म्हणजे विटंला फाडतो. त्यात ही दाराची कड. आज घट्ट वाटंल, चार महिन्यांनी हातात येईल."

"मग काय करायचं?"

"होल्डफास्ट लावू. लोखंडी पट्टी असते, एक टोक चौकटीला, दुसरं भिंतीत. एका बाजूला तीन. वीट काढून खड्डा करायचा, काँक्रीट भरायचं, आठ दिवस पाणी मारायचं. तवर दार टांगायचं नाय."

उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. मी म्हटलं, "आठ दिवस नाहीत माझ्याकडे. बोल्टनंच बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या दारातून लेकरं जाणार ना बाई? मग माझ्या हातून नाय व्हायचं." हत्यारं पिशवीत भरली, सायकलवर टांग मारली आणि गेले. मला राग आला होता... एक सुतार मला शिकवतो! ठेकेदाराच्या माणसांनी चौकटी बसवल्या, पाहुण्यांनी फीत कापली, फोटो निघाले.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, पहिलीतली एक मुलगी दाराच्या कडीला लटकून झोके घेत होती. चौकट वरून सुटली. जवळच उभ्या असलेल्या शिक्षिकेनं तिला ओढलं म्हणून डोकं वाचलं. मनगट मात्र मोडलं. भिंतीत बोल्ट होते तिथं विटांचे तुकडे पडले होते, नुसता लाल भुगा. तिच्या आईवडिलांना मी दवाखान्यातच सांगितलं, की निर्णय माझा होता. त्याच संध्याकाळी दौलताबाद गाठलं. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण रशीदभाईंनी दारातच विचारलं, "लेकरू कसं हाय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "सकाळी येतो." बस. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्या माणसानं मला आयुष्यात कधी ऐकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही चौकटी उतरवल्या. बाहेरच्या जाड भिंतीत होल्डफास्टच. पण खोल्यांमधली भिंत बारीक. तिथं खड्डे केले तर भिंतच उरली नसती. त्या विटा मात्र खणखणीत वाजत होत्या. तिथं त्यांनी लांब स्क्रू आणि ते धरून ठेवायला भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या घेतल्या. प्रत्येक भोक विटेच्या पोटात, कडेपासून लांब, सांध्यात एकही नाही. मी विचारलं, हे वेगळं का? "जशी भिंत, तसं बंधन. सगळ्या दुखण्यावर एकच दवा देणारा हकीम नसतो, बाई." आठ दिवस वर्ग लिंबाखाली भरले. कुणी घाई केली की आता मीच सांगत असे, काँक्रीटला वेळ द्या. पुढं माझ्या घराचं कामही त्यांनीच केलं. माझी इतक्या वर्षांची नोकरी झाली, पण 'नाही' कधी आणि कसं म्हणायचं, हे मी कुठल्या अधिकाऱ्याकडून शिकले नाही, त्यांच्याकडून शिकले.

मागच्या आठवड्यात शबानाला भेटायला गेले. चहा देता देता ती म्हणाली, "तुमच्या शाळेचं काम सोडलं ना, तवापासून अब्बा रोज शाळा सुटायच्या टायमाला तिकडं जायचे. दुसरीकडचं काम टाकून. अम्मी लई चिडायची."

"कशाला?"

"त्या दारातून पोरं बाहेर पडेपर्यंत उभं राहायचे. आत जायचा संकोच वाटायचा, तुम्ही रागावलेल्या होत्या म्हणून. शेवटचं लेकरू गेलं की घरी यायचे."

उद्घाटनापासून चौकट सुटेपर्यंत, पाच महिने. मला पत्ताच नव्हता. त्या संध्याकाळी लेकराचं त्यांना माझ्याआधीच कसं कळलं होतं, ते आता उमगलं.

येताना रिक्षा शाळेवरून वळवून घेतली. फाटकासमोर रस्त्यापलीकडे पंक्चरचं एक जुनं दुकान आहे. त्याच्या कट्ट्यापाशी उभी राहिले, तर पहिलीच्या वर्गाचं दार समोर सरळ दिसतं. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं... आणि शेवटचं लेकरू बाहेर पडेपर्यंत तिथंच उभी राहिले.