उपासाचं भांडण

बाबांची गिरणी बंद झाली त्या वर्षी परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत रोज भांडण व्हायचं, आणि तेही उपासावरून. आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर; आजोबांपासून कुणी उपास केलेला नाही. माझ्या धाकट्या बहिणीने अकरावीत असताना आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवारही. आम्हाला वाटलं, शेजारच्या मैत्रिणींचं खूळ शिरलंय.

"या घरात व्रतबित चालणार नाही," बाबा म्हणायचे. नोकरी गेल्याचा सगळा राग त्या वाक्यात असायचा.

"माझी श्रद्धा आहे, बाबा," ती म्हणायची. मीही काही कमी नव्हते. नोकरीवरून आले की तिला धर्मावर तासभर ऐकवायचे. ती स्वेटर घालून ऐकून घ्यायची. भर वैशाखात स्वेटर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, याची आजही चीड येते.

एकदा शेजारच्या काकींनी मला नळावर गाठलं.

"तुझी बहीण उपास नाही करत गं. मी साबूदाण्याची खिचडी दिली, तर तिने चुपचाप गायीला टाकली. उपासवाला कधी उपासाचं फरियाली खाणं सोडतो का?"

घरी जाऊन तिच्या स्वेटरची बाही वर सारली. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. पाळी कधी आली होती, विचारलं, तर ती रडायलाच लागली.

"मी जाडी आहे, ताई. खाल्लं की मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे नखरे नाहीत, आजार आहे. अजून उशीर केला असता तर हार्टवर आलं असतं. दर आठवड्याला आणा. रागावू नका. तिन्ही वेळा कुणीतरी सोबत बसून जेवा, तिचं होईपर्यंत उठू नका."

आई शिवणाच्या कामावर, मी ऑफिसात. दिवसभर घरी फक्त बाबाच असायचे.

त्या संध्याकाळी ते तिच्यासमोर ताट घेऊन बसले. त्यांचं जेवण कधीच झालं होतं. तिच्या हातात पोळीचा पहिलाच तुकडा होता. आई काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी हातानेच तिला थांबवलं. मी दाराशी उभी.

"तुम्ही उठा ना, बाबा. मला टाइम लागेल."

"लागू दे," बाबा म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

तिने तुकडा तोंडात घातला.