पानांच्या जाळीचा चोर

लोकरकाकूंच्या विणकामाच्या वर्गात शिरायचं तर चपला दाराबाहेर आणि मोबाइल बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. का, तर कुणी फोटो काढू नये. नमुन्यांचे कागद काकू वर्ग सुटताना मोजून परत घ्यायच्या. प्रत्येकावर जांभळा शिक्का, ‘नक्कल करू नये’. एखादी बाई टाके मोजताना पुटपुटली तरी यांना वाटायचं, पाठ करतेय सटवी! नवरा म्हणायचा, ‘हिला स्वप्नातही कुणीतरी लुटतंय.’ पण हात असा, की बघत राहावं. त्यातही बाळाच्या शालीवरची पानांची जाळी म्हणजे काकूंचा जीव की प्राण. ‘माझ्या डोक्यातून निघालीय ही,’ असं त्या तीस वर्षं सांगत आल्या होत्या.

एका सकाळी एका विद्यार्थिनीनं भीत भीत सांगितलं, ‘काकू, तुमची जाळी इंटरनेटवर आलीय. फुकट.’

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यातून तिचा मोबाइल काढून बघतात तर काय, चौकटीच्या कागदावर पेनानं काढलेला नमुना आणि खाली ओळ: ‘कुणीही वापरा, बदला, विका. परवानगी विचारायची गरज नाही.’ कुणाचं नाव नाही, काही नाही. काकू उलटा टाका फुलीनं दाखवत, इथे ठिपके होते.

‘खुणा बदलल्यात मेल्यानं! ओळखू येऊ नये म्हणून. असले डाव मला कळत नाहीत होय?’

मग चौकशी सुरू. खिडकीशी बसणारीच का बसते खिडकीशी? जिला सगळं येतं, ती शिकायला येतेच कशाला? कागदांच्या झेरॉक्स आणतो म्हणून नवराही सुटला नाही. भाच्याकडून त्यांनी त्या वेबसाइटला सणसणीत तक्रार लिहून घेतली. उत्तर गोड आलं: नमुना तुमचा असेल तर तारखेसह जुना पुरावा पाठवा, आम्ही काढून टाकू.

‘आता माझीच उलटतपासणी!’

पुरावा होता. सगळे एकत्र राहत होते तेव्हाची विणींची वही, वरच्या मजल्यावर मोठ्या जाऊबाईंच्या कपाटात. काकू तडक जिना चढल्या.

जाऊबाईंनी आखडलेल्या बोटांनी वही काढून दिली. तिसऱ्याच पानावर पानांची जाळी होती. उलट्या टाक्यांना ठिपके. कोपऱ्यात जाऊबाईंच्या अक्षरात तारीख, काकू लग्न होऊन या घरात आल्या त्याच्या दोन वर्षं आधीची.

काकूंनी तारीख पुन्हा वाचली. पहिल्या बाळंतपणाआधी याच बाईनं शेजारी बसवून, बोटं धरधरून ही जाळी शिकवली होती. ते आपण कधी पुसून टाकलं, हेही त्यांना आठवेना.

‘इंटरनेटवर तुम्ही टाकलीत?’

‘मुलानं टाकली, मी सांगितलं म्हणून. माझी बोटं आता वळत नाहीत गं. म्हटलं, कुणीतरी विणू दे.’

तरी संशय जाईना. ‘मला अद्दल घडवायला ना? खरं सांगा.’

‘तुला कशाला? तुझं काय गेलं त्यात?’

काकूंनी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, अगदी निरखून शोधला. नव्हता. तेव्हा कुठे त्यांना लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘मी सगळ्यांना माझीच म्हणून सांगत आले, जाऊबाई.’

‘ठाऊक आहे की. खालचं सगळं ऐकू येतं इथे.’

‘मग कधी बोलला का नाहीत?’

जाऊबाईंनी वही कपाटात ठेवली. ‘आता लिहूनच टाकलंय ना, कुणीही वापरा म्हणून? त्यात तूही आलीस.’

खालून बायका हाका मारत होत्या. चोर सापडला का, म्हणून विचारत होत्या.