परकराच्या नाडीचा पुरावा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींसमोर पुराव्याशिवाय शिंकायचीही सोय नव्हती. जपानातल्या उरायासूत आम्ही सहा वर्षं शेजारी होतो. पोहे झकास झालेत म्हटलं तरी "कशाच्या तुलनेत?" असं विचारत. नवऱ्यानं तोयोसूच्या ऑफिसातून उशीर होईल असं कळवलं, की आधी गाड्या खरंच रखडल्यात का ते बघायच्या आणि मगच कणीक झाकून ठेवायच्या. कचऱ्याचे नियम तर तोंडपाठ. माझ्या पिशवीतलं बाटलीचं एक चुकार झाकण त्यांनी मला घरी आणून दिलं होतं.

हे खूळ त्यांना इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशानं लावलं. तिथे कुणीही लिहावं, पण आधार देऊन. वहिनी मराठीतून लिहीत, तेही गुलामगिरीतून निसटून, अटलांटिक ओलांडून इंग्लंडात गावोगाव सभा घेणाऱ्या काळ्या माणसांवर. "आपल्या भाषेत यांना कोण विचारतंय?" असं म्हणता म्हणता त्या कुकरच्या शिट्ट्या विसरत.

त्यांतल्याच एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पानाला पुसून टाकायची सूचना लागली. सोमवारी दुपारी बारापर्यंत भक्कम आधार दिला नाही, तर पान गेलं. वहिनींचं जेवणावरचं लक्षच उडालं. शेवटी इंग्लंडातल्या एका वृद्ध सहकारी बाईंनी ग्रंथालयात बसून जुन्या वर्तमानपत्रातला सभेचा वृत्तान्त शोधला आणि त्याची छायाप्रत टपालानं धाडली. रविवारी संध्याकाळी वहिनी ती नाचवत आमच्याकडे आल्या आणि टेबलावरच विसरून गेल्या.

सोमवार रद्दीचा. मी मेली शिस्तीची! टेबलावरचे सगळे कागद गोळा केले, सुतळी संपली होती म्हणून परकराच्या गुलाबी नाडीनं करकचून बांधले आणि खाली ठेवून आले.

साडेसातला वहिनी दारात. "अगं, माझा कागद?"

तो मी रद्दीच्या गठ्ठ्यात बांधला होता. इंग्लंडात तेव्हा झोपायची वेळ, दुसरी प्रत मागायची कुणाकडे? अनवाणीच धावलो. रद्दीचा ट्रक येऊन उभाच होता. वहिनींनी गठ्ठ्याला हात घातला, तोच कचऱ्यावर पहारा देणारे गल्लीतले जपानी आजोबा आडवे आले. "ठेवलेला गठ्ठा उचलायचा नाही. तुमचाच, याला पुरावा काय?"

ट्रकवाला एकेक गठ्ठा आत फेकत होता. आमच्या आधी दोनच उरले होते. मी मोडक्यातोडक्या जपानीत ओरडले, "ती नाडी माझ्या परकराची आहे! घरात अजून तीन आहेत, आणून दाखवते!" आजोबा कानापर्यंत लाल झाले. त्यांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि मान झुकवून परत दिला.

चारचारदा तपासून वहिनींनी आधार चढवला. बाराला दहा कमी असताना सूचना हटली, आणि त्या चक्क रडल्या.

"चुकलं माझं, वहिनी," मी म्हटलं.

"त्या शिवणाऱ्या बाईलाही भर सभेत विचारायचे गं, तू गुलाम होतीस याला पुरावा काय. मी नुसतं लिहून मोकळी झाले होते. आज कळलं, कसं वाटत असेल."

गेल्या वर्षी त्या पुण्याला परतल्या. परवा फोनवर मी म्हटलं, "तुमची फार आठवण येते." आणि सवयीनं पुरावा तयार ठेवला: रद्दीच्या दिवशी मी अजून एकेक कागद उलटून बघते, आणि वर पावलं वाजली की पोहे मूठभर जास्त भिजवते.

त्यांनी मागितलाच नाही. नुसतं म्हणाल्या, "मलाही गं."